रात्रपाळीच्या डॉक्टरनं पाटीवर काय लिहावं?

धुरकरी | १२ ऑगस्ट, रात्री १०:५०

मंडळी, परवा सकाळी पेंटर येतोय आणि माझ्या नावाखाली काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. म्हणून हा धागा.

एमबीबीएस नागपूरला मेडिकलमधून केलं, मग बाहेरच्या राज्यात इमर्जन्सी मेडिसिनमध्ये डीएनबी, म्हणजे एमडीसारखीच पदव्युत्तर पदवी. आता गावाकडे परतलोय. चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी एका ट्रस्टच्या दवाखान्यात तातडीचा विभाग उभा करायचं काम अंगावर घेतलंय. या खोलीला आजवर 'ड्रेसिंग रूम' म्हणायचे. आता तिथं मॉनिटर आहे, व्हेंटिलेटर आहे, शॉक द्यायचं मशीन आहे आणि चोवीस तास डॉक्टर आहे.

अडचण अशी की हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, पोरांचा डॉक्टर हे सगळ्यांना कळतं. मी कशाचा? विश्वस्त म्हणतात 'आपत्कालीन वैद्यकशास्त्र तज्ज्ञ' लिहा. पेंटर म्हणतो एवढं बसत नाही, 'इमर्जन्सी स्पेशालिस्ट' करून टाकू. ऑफिसातल्या ड्युटीच्या तक्त्यावर मी 'सीएमओ' (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) आहे. आणि आई गावभर सांगते, 'अपघाताचा डॉक्टर झाला.' त्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंही, म्हणजे अपघात झाल्याशिवाय याच्याकडे जायचं नाही का?

हसण्यावारी नेतोय खरं, पण आतलं दुखणं वेगळं आहे. छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो. मी ईसीजी काढतो, झटका ओळखतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो, तासभर त्याच्या उशाशी उभा राहतो. बीपी जागेवर येतं. आणि त्याचा मुलगा मला हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, मोठे डॉक्टर कधी येतील?"

तर आमच्या जातीच्या डॉक्टरांनी स्वतःला नेमकं काय म्हणवून घ्यावं? डॉक्टर नसलेल्यांनी तर आवर्जून लिहा.

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑगस्ट, रात्री १०:५८

राजेहो, 'देवमानूस' लिवा. बिल पाह्यलं की लोकं सोताच पुसून टाकतीन.

इतवारी | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

'आपत्कालीन' नको. आमच्याकडे आपत्ती म्हटली की वैनगंगेला पूर आणि तहसीलदाराची जीप. लोक तुमच्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन येतील.

'आकस्मिक' पण नको. ते पोलिसांचं आहे. 'आकस्मिक मृत्यू दाखल' हे एवढ्या वेळा वाचलंय की 'आकस्मिक विभाग' असा बोर्ड पाहून पेशंटच्या बायकोनं रडायला सुरुवात करायची.

मेयोवाला | १२ ऑगस्ट, रात्री ११:२०

धुरकरी, वेगळं नाव शोधायची गरजच काय? कॅज्युअल्टी. रिक्षावाल्याला 'कॅज्युल्टी' म्हणा, तो बरोबर त्या दारात नेऊन सोडतो. अख्ख्या नागपुरात हे चालतं. दारावरच्या पाट्या बदलत राहिल्या, कधी अपघात विभाग, कधी ट्रॉमा, पण माणसाच्या तोंडात कॅज्युअल्टीच. तुम्ही कॅज्युअल्टीचे डॉक्टर.

फक्त 'सीएमओ' काढून टाका. एकदा वॉर्डातून फोन केला, "सीएमओ बोलतोय," तर पलीकडचा क्लार्क खुर्चीतून उभा राहिला. त्याला वाटलं मुख्यमंत्री कार्यालय.

लीड्सकर | १३ ऑगस्ट, पहाटे २:१५

इकडे अजून रात्रीचे पावणेदहाच झालेत, ड्युटी संपवून लिहितोय. मूळचा पुसदचा, बरीच वर्षं इंग्लंडात याच शाखेत.

मेयोवाला, कॅज्युअल्टी हे नाव तुम्हाला आपलं वाटतं, पण ज्यांनी ते दिलं त्यांनीच ते कधीच टाकून दिलं. लष्करात जखमी सैनिकांसाठी वापरायचे तो शब्द. इथल्या दवाखान्यांत ती तळघरातली खोली असायची. ज्युनिअर पोरांना तिथं टाकायचे आणि सीनिअर कुणी फिरकायचे नाहीत. १९६२ साली प्लॅट समितीचा अहवाल आला. त्यानं सांगितलं की नाव 'ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी' करा आणि तिथं कन्सल्टंट नेमा. तरी १९६७ मध्ये या लोकांनी आपली संघटना काढली तेव्हा नाव ठेवलं 'कॅज्युअल्टी सर्जन्स असोसिएशन'. का, तर सर्जन म्हटल्याशिवाय कोणी विचारत नव्हतं! १९९० मध्ये तीच संघटना 'ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी मेडिसिन'ची झाली. पुढे 'ॲक्सिडेंट' पण गळलं, आणि २०१५ पासून 'रॉयल कॉलेज ऑफ इमर्जन्सी मेडिसिन'. अमेरिकेत १९६८ मध्ये यांचं कॉलेज निघालं, १९७९ मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता. तिकडे हे 'इमर्जन्सी फिजिशियन'. कुणी 'ईआर डॉक्टर' म्हटलं की चिडतात, म्हणतात आम्ही एका रूमचे नाही, आख्ख्या डिपार्टमेंटचे.

आणि एवढं सगळं करून? परवा एक आजीबाई आल्या. पन्नास वर्षांपूर्वीचं नाव घेऊन म्हणाल्या, "मला कॅज्युअल्टीत आणलंत ना?" आणि नंतर विचारलं, आता खरा डॉक्टर कधी भेटेल.

धुरकरी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

लीड्सकर, शेवटच्या ओळीनं जीवाला गार वाटलं. म्हणजे मोठे डॉक्टर तिकडेही येतच असतात!

'फिजिशियन' इथं चालणार नाही. आपल्याकडे फिजिशियन म्हणजे एमडी मेडिसिन, बीपी-शुगरवाले. तसं लिहिलं तर सकाळी ओपीडीची रांग माझ्या दारात आणि रात्री फवारणीच्या विषबाधेचा पेशंट ड्रेसिंग रूम शोधतोय, असं व्हायचं.

गट_अ | १३ ऑगस्ट, सकाळी ९:१०

ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. नुसता एमबीबीएस. जरा कडू लिहितो, राग मानू नका.

काल रात्रीची ड्युटी सांगतो. एक बाळंतीण, एक विंचू, दोघे दारू पिऊन मोटरसायकलवरून पडलेले (दोघांचं एमएलसी म्हणजे पोलिसांत नोंदवायची केस, दोघांचे नातेवाईक आपसात भांडताहेत), एक मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची विषबाधा. सकाळी एक पोस्टमॉर्टम. हे सगळं एकट्यानं, सोबत एक सिस्टर आणि एक कक्षसेवक. मला कुणी आपत्कालीन तज्ज्ञ म्हणत नाही. माझ्या पगारपत्रकावर 'वैद्यकीय अधिकारी, गट-अ' आहे आणि गावात मी 'सरकारी डॉक्टर'. विदर्भातली निम्मी इमर्जन्सी या नावाखाली चालते. तेव्हा हे नाव काय असावं, हा प्रश्न ज्यांच्याकडे व्हेंटिलेटर आहे त्यांनाच पडतो, असं मला वाटतं.

डॉ_नभा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:००

गट_अ, राग नाही, पण मुद्दा उलटा आहे. २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलनं इमर्जन्सी मेडिसिनला वेगळी शाखा म्हणून मान्यता दिली. त्याआधी तुमच्यासारखेच सगळे ते काम करत होते आणि 'ते तर कुणीही करतं' म्हणून तिथं ना माणसं दिली जात होती, ना सामान. नाव मिळालं म्हणून जागा निघाल्या, एमडी-डीएनबीच्या सीटा निघाल्या. जे काम बिननावाचं असतं त्याला बजेट मिळत नाही, हे सरकारी नोकरीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मी पण हीच शाखा केली. आणि 'मोठे डॉक्टर कधी येतील' हे ऐकायचं भाग्यही मला नाही. मला "सिस्टर, डॉक्टर कुठं आहेत?" असं विचारतात. स्टेथोस्कोप गळ्यात, हातात लॅरिंगोस्कोप, पेशंटच्या घशात नळी घालतेय, आणि त्याचा काका माझ्या मागं उभ्या असलेल्या मिशीवाल्या वॉर्डबॉयला हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, वाचवा."

वऱ्हाडी_ठेचा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:०७

मंग धुरकरीभाऊ, पाटी ऱ्हाऊ द्या, पह्यले मिशी ठेवा.

डॉ_नभा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:०९

माझं काय?

वऱ्हाडी_ठेचा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:१०

ताई, माफी. शब्द वापस.

गाडीवरचा | १३ ऑगस्ट, दुपारी १:४०

१०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. बीएएमएस. आमच्याबद्दल कोणी लिहीलच म्हणून वाट पाहिली, कोणी लिहिलं नाही.

२६ जानेवारी २०१४ ला ही सेवा सुरू झाली, तेव्हा राज्यात ९३७ गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर. गाडीवर 'महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा' असं लिहिलेलं असतं. कागदावर माझं पद 'इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिस ऑफिसर'. लोक म्हणतात 'ॲम्ब्युलन्सवाले'. परवा एका पोलीस पाटलानं मला सांगितलं, "तुम्ही गाडी बाजूला लावा आणि डॉक्टरला पाठवा."

माझा प्रश्न धागाकर्त्याला. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर, धावत्या गाडीत, मोबाईलच्या उजेडात सलाईन लावणारा माणूस आपत्कालीन डॉक्टर नाही, तर मग कोण?

नियमावली | १३ ऑगस्ट, दुपारी २:२५

गाडीवरचा, तुमच्या कामाला सलाम, पण पाटीचा कायदा वेगळा आणि कामाचा वेगळा. नावापुढे मान्यताप्राप्त पदवी असेल तीच लिहायची. 'तज्ज्ञ' म्हणवून घ्यायचं तर त्या विषयातली मान्य पदव्युत्तर पदवी हवी. खासगी दवाखान्यांत जे वर्षा-दोन वर्षांचे सर्टिफिकेट कोर्स चालतात, ते करून पाटीवर 'इमर्जन्सी स्पेशालिस्ट' लिहिणारे बरेच आहेत. त्यांच्यातले काही कामाला उत्तम असतीलही, पण तसं लिहिणं बरोबर नाही. धुरकरींनी हौसेनं लिहावं, त्यांचं डीएनबी आहे.

अवांतर: पाटीवर काहीही असो, तातडीचा पेशंट आला तर प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय, सरकारी असो की खासगी, आधी जीव, पोलिसांचे कागद नंतर.

गाडीवरचा | १३ ऑगस्ट, दुपारी २:४०

मी 'तज्ज्ञ' म्हणा असं म्हटलंच नाही. 'डॉक्टर' म्हणा एवढंच म्हणतोय.

धुरकरी | १३ ऑगस्ट, दुपारी ३:०५

गाडीवरचा, माझ्याकडे ज्या पेशंटच्या नाकाला ऑक्सिजन आणि हाताला सुई आधीच लावलेली असते, तो तुमच्यासारख्याकडूनच आलेला असतो. तुम्ही फोनवर "बीपी लागत नाही, वीस मिनिटांत पोचतो" एवढं सांगता तेव्हा मी तयारीत उभा राहतो. तज्ज्ञ कोण हा वाद मला घालायचा नाही. पण नियमावली म्हणतात तेही खरं, शिकलेल्याची आणि न शिकलेल्याची पाटी एकसारखी असेल तर पेशंटनं काय ओळखायचं?

पऱ्हाटी | १३ ऑगस्ट, सायंकाळी ७:५०

धागाकर्त्यानं डॉक्टर नसलेल्यांना लिहा म्हटलं म्हणून लिहितो. मी शेतकरी, यवतमाळ जिल्हा.

मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाले धुऱ्यावर परड चावली. परड म्हणजे तुमची घोणस. सांजची येळ. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यातून रक्त यायला लागलं. घरात दोन मतं पडली, पण माझ्या वहिनीनं कोनाचं ऐकलं नाई. गाडी काढा म्हने.

रस्त्यात तीन दवाखाने लागते. एकावर मोठ्या लाल अक्षरात '२४ तास इमर्जन्सी'. तिथंच थांबलो. शटर अर्धं खाली. चौकीदार म्हने, डॉक्टर सकाळी दहाले येतीन, कंपाउंडर आहे, सलाईन लावून देईन. तिथं बोलाचालीत अर्धा तास गेला. मंग सरळ सरकारी दवाखाना गाठला. तिथं ज्या खोलीत नेलं त्या दारावर काहीच लिवलेलं नव्हतं. एक पोरगी डॉक्टर होती, आमच्या बारक्या बहिणीएवढी. तिनं काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं, टेबलावर उभं ठेवलं आन् सांगतलं, हिला कोणी हात लावायचा नाही, वीस मिनिटं. टेबलाले धक्कासुद्धा नाई लागू दिला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून राह्यलो. वीस मिनिटांनी तिनं नळी तिरपी केली. रक्त गोठलंच नव्हतं, पान्यावानी इकडून तिकडे वाह्यलं. लगेच म्हने, सापाच्या विषावरची लस सुरू करा. दहा शिश्या एका मागं एक फोडल्या. बाजूले दुसरी सुई भरून ठेवली, रिअॅक्शन आली त लागन म्हने. रात्री १०८ नं पुढं पाठवलं, डायलिसिस लागलं, पन भाऊ आज वावरात आहे.

त्या पोरीचं नाव मले ठाऊक नाई. पदवी त दूरच राह्यली. पन पाटी वाचून जिथं थांबलो तिथं अर्धा तास गेला, हे कधी इसरत नाई. तुमी काय नाव लावता त्याच्यापेक्षा, लावलेलं खरं असू द्या.

इतवारी | १३ ऑगस्ट, रात्री ८:१०

पऱ्हाटी, जबरदस्त लिहिलंत. +१

चिखलदऱ्याची | १३ ऑगस्ट, रात्री ८:३०

ती वीस मिनिटांची भानगड काय असते? आणि पायाला दोरी बांधायची की नाही? आमच्याकडे अजून बांधतात.

डॉ_नभा | १३ ऑगस्ट, रात्री ८:४५

दोरी अजिबात नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, फळी किंवा काठी बांधून सरळ ठेवायचा आणि निघायचं. अंगठ्या, जोडवी, पैंजण आधी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत.

नळीचं असं: घोणस आणि फुरसं यांच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवलं आणि तरी गोठलं नाही, की समजायचं विष अंगात भिनलंय. लस दिल्यावर सहा तासांनी पुन्हा तेच. मशीन लागत नाही, लॅब लागत नाही. साबणानं धुतलेली नळी घेतली तर मात्र निकाल चुकतो.

मण्यारचं वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, डागही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून उठतात, मग पापण्या जड होतात. लोकांना वाटतं झोप आहे. पावसाळ्यात सकाळी पापण्या उचलता येईनात असा कोणी आला, की आम्ही आधी विचारतो, रात्री खाली झोपला होता का?

मेयोवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:००

धागा सापावर गेला. आता नागोबा, धामण, मांडूळ सगळे येतील.

वऱ्हाडी_ठेचा | १३ ऑगस्ट, रात्री ९:०२

मांडूळ कोनाजवळ असन त व्यनि (खासगी निरोप) करा. (मजाक आहे बा, फॉरेस्टवाले वाचत असतीन.)

जुनी_सिस्टर | १३ ऑगस्ट, रात्री ९:४०

पोरांनो, मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं कॅज्युअल्टीत गेली, आधी अकोल्याकडे, मग वर्ध्याकडे. किती डॉक्टर पाहिले त्याचा हिशोब नाही.

'मोठे डॉक्टर कधी येतील' हा प्रश्न सगळ्यांनाच विचारत नाहीत, हे मी पाहिलंय. जो डॉक्टर पडदा बाजूला करून येतो, केसपेपरवर खरडतो आणि नातेवाइकांशी न बोलता निघून जातो, त्याच्या पाठीवर तो प्रश्न येतो. तो पदवीनं केवढाही मोठा असो. नातेवाइकाला वाटतं हा तर मधला माणूस, खरा कोणीतरी मागून येणार.

आमच्याकडे एक होते, एमबीबीएसच. स्टूल ओढून पेशंटच्या शेजारी बसायचे. घरातल्या एका माणसाला जवळ बोलवायचे, दहा जणांना नाही, एकालाच. आधी आपलं नाव सांगायचे. मग म्हणायचे, "आज रात्री यांचा डॉक्टर मी. हृदयाचे डॉक्टर नागपूरला आहेत, त्यांच्याशी फोनवर बोललोय, त्यांनी सांगितलेलं औषध सुरू आहे. सकाळी आठपर्यंत मी इथून हलत नाही. काही वाटलं तर या बाईंना सांगा, त्या मला उठवतील." या बाई म्हणजे मी. त्यांच्या ड्युटीत मोठ्या डॉक्टरांची चौकशी मी ऐकली नाही.

नभाताई, तुमचं दुखणं मात्र स्टुलावर बसून जात नाही, हेही पाहिलंय. आमच्या मॅडम नाव सांगायच्या, सगळं समजावून सांगायच्या, आणि म्हातारा शेवटी म्हणायचा, "बरं बाई, आता डॉक्टरला बोलवा." तेव्हा मीच मोठ्यानं म्हणायची, "डॉक्टर मॅडम, तुम्ही सांगितलेलं इंजेक्शन दिलं." दिवसातून चार वेळा म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटल्याशिवाय काही लोकांच्या कानात ते शिरत नाही.

डॉ_नभा | १३ ऑगस्ट, रात्री ९:५५

सिस्टर, उद्या हे आमच्या सगळ्या स्टाफला वाचून दाखवणार आहे. आम्ही एकमेकांना नावानं हाका मारतो, आधुनिक वाटावं म्हणून. त्याचा तोटा मलाच होतोय हे डोक्यात आलं नव्हतं.

तर्कट | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

सगळे भारावलेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो. गोड बोलणं ठीक, पण नाव महत्त्वाचं नाही हा निष्कर्ष काढू नका. पऱ्हाटींचा अनुभव नावाच्याच बाजूचा आहे. त्यांनी पाटी वाचून निर्णय घेतला. रात्री गाडीत कोणी मरणाच्या दारात असताना माणूस स्टुलावरचं बोलणं ऐकायला आधी कुठं थांबायचं ते पाटीवरूनच ठरवतो. '२४ तास इमर्जन्सी' कुणीही रंगवतो, म्हणूनच आपल्याकडे त्या शब्दाची किंमत गेली. ज्याच्याकडे खरंच रात्री डॉक्टर जागा आहे त्यानं ते वेगळं कसं सांगायचं, हा धागाकर्त्याचा प्रश्न आहे आणि तो अजून तसाच आहे.

गट_अ | १३ ऑगस्ट, रात्री १०:४५

तर्कटशी पहिल्यांदाच सहमत.

सकाळी जरा तिरकं लिहिलं होतं. पऱ्हाटींची ती 'पोरगी डॉक्टर' आमच्यापैकीच कोणीतरी, म्हणून बरं वाटलं. २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. ते रोगी आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग पुढे असे पोचत होते. त्या दिवसांत लोकांना तज्ज्ञ कोण हे कळण्यापेक्षा पहिल्या तासाला काय करायचं हे कळायला हवं होतं: अंगावरचे फवारलेले कपडे काढा, साबणपाण्यानं धुवा, औषधाचा डबा सोबत आणा. डबा आणला की निम्मं काम होतं. तोंडी नाव सांगतात त्यात गडबड होते, दुकानदारानं दोन-तीन औषधं एकत्र करून दिलेली असतात.

धुरकरी, माझं ऐकाल तर स्वतःला काय म्हणता ते बारीक अक्षरात लिहा. कशासाठी यायचं ते मोठ्या अक्षरात.

लीड्सकर | १४ ऑगस्ट, पहाटे १:३०

गट_अ यांची सूचना मला पटली. इथं डिपार्टमेंटचं नाव तीनदा बदललं, पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं यासाठी लगेच फोन करा, हे लोकांना चित्रं काढून सांगितलं तेव्हा ते लवकर यायला लागले. लकव्याची गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते. आपल्याकडे त्यातले तीन तास तेल चोळण्यात जातात.

धुरकरी | १४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

पेंटर येऊन गेला. ठरलं ते असं.

वर माझं नाव, एमबीबीएस, डीएनबी (इमर्जन्सी मेडिसिन). पदवी आहे ती आहे, नियमावली खूश. त्याखाली 'तातडीच्या उपचारांचे डॉक्टर'. विश्वस्तांना 'तज्ज्ञ' हवं होतं, त्यांना छोट्या अक्षरांत दिलं. आणि खाली पिवळ्यावर काळ्या ठळक अक्षरांत: छातीत दुखणे, लकवा, साप-विंचू, फवारणीची विषबाधा, अपघात, ऊन लागणे, दम लागणे, झटके. शेवटी: 'रात्री डॉक्टर दवाखान्यातच असतात.' हे शेवटचं वाक्य लिहिण्याआधी विश्वस्तांकडून रात्रीच्या दुसऱ्या डॉक्टरची जागा लेखी घेतली, नाहीतर मी आजारी पडलो की आमचंही शटर अर्धं खाली.

पेंटरनं 'विषबाधा'चं 'विशबाधा' केलं होतं. बदलून घेतलं. वरून म्हणतो, "साहेब, इतकं लिहिण्यापेक्षा फ्लेक्स केला असता."

कक्षाच्या दारावर 'कॅज्युअल्टी' ठेवलंय, मेयोवाल्यांच्या रिक्षावाल्यासाठी.

मेयोवाला | १४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

धन्य झालो.

चिखलदऱ्याची | १४ ऑगस्ट, दुपारी १:००

बाळंतपण नाही घातलं?

धुरकरी | १४ ऑगस्ट, दुपारी १:१०

ते स्त्रीरोगवाल्या मॅडमच्या पाटीवर आहे. त्यांची पाटी माझ्यापेक्षा जुनी आणि मोठी, तिथं हात लावायची माझी हिंमत नाही.

पऱ्हाटी | १४ ऑगस्ट, दुपारी ४:३०

पाटी चांगली जमली. एक इचारतो. तुमच्याकडे डायलिसिस आहे का? परड चावली की लागते थे.

धुरकरी | १४ ऑगस्ट, दुपारी ४:४०

नाही. लस आहे, व्हेंटिलेटर आहे. डायलिसिस लागलं तर चंद्रपूरला पाठवतो. पाठवण्याआधी तिथं फोन करून जागा पक्की करतो.

पऱ्हाटी | १४ ऑगस्ट, दुपारी ४:४४

मंग थेही लिवून टाका. काय आहे थे लिवलं, काय नाई थेही लिवा. गाडीतल्या मानसाले इचार कराले येळ नसते.

धुरकरी | १४ ऑगस्ट, सायंकाळी ५:२०

पेंटरला परत फोन लावलाय. तो हसतोय.

वऱ्हाडी_ठेचा | १४ ऑगस्ट, सायंकाळी ५:२५

पाटी होय का सातबारा? इतर हक्कात बोजाबी चढवा आता.